हप्ता कोणाच्या पगारातून जाणार?

रावेर तालुक्यातून तेवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती बीएस्सी आहे आणि दीड वर्षापासून जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये कॅशलेस डेस्कवर (पेशंटचं बिल विम्यातून भागवण्याच्या टेबलावर) काम करते. पगार १३ हजार. घरी चार एकर केळी, आई-वडील आणि बारावीतला भाऊ. घर ओबीसीत मोडतं, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच खाली.

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या एमबीएला तिचा नंबर लागला आहे. दोन वर्षांची फी ९ लाख, होस्टेल आणि मेस धरून १२ लाख. बँक तारण मागते. वडील भुसावळजवळचा बिनशेती प्लॉट द्यायला तयार आहेत, पण तो घेतला होता भावाच्या शिक्षणासाठी. आई म्हणते, एवढ्यात तुझं लग्न होईल, आणि डोक्यावर कर्ज असलेली पोर कोण करून घेईल? कॉलेजचा रोज फोन येतो की ५० हजार भरून सीट पक्की करा, आमच्याकडे ६ लाखांचं पॅकेज लागतं. त्याच कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली ओळखीची एक मुलगी मात्र नाशिकला २४ हजारांवर आहे.

तिचा प्रश्न असा: "कर्ज काढू की नको? आणि नाही काढलं तर आयुष्यभर डेस्कवरच बसायचं का?"

*

तू वयाने माझ्या मुलीएवढी, म्हणून 'तू'च म्हणते.

आधी तुझा दुसरा प्रश्न घेते, कारण पहिल्याचं उत्तर तू त्याच्या भीतीपोटी ठरवते आहेस असं मला वाटतं. डेस्कवर दिवसभर काय चालतं ते तूच सविस्तर लिहिलं आहेस. सकाळी अकराला डॉक्टर डिस्चार्ज लिहितात. फायनल बिल आणि डिस्चार्ज समरी तू टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेला) पाठवतेस. दुपारी दोनला क्वेरी येते: इम्प्लांटचं स्टिकर जोडलेलं नाही, त्रास कधीपासून आहे ते केस पेपरवर एक लिहिलंय आणि समरीत दुसरंच. तू ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरकडून स्टिकर शोधून आणतेस, ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या (आरएमओंच्या) मागे फिरून दुरुस्तीवर सही घेतेस, आणि सकाळपासून पिशव्या भरून बसलेले नातेवाईक पाच वाजता तुझ्यावरच ओरडतात. ओरडणं बाजूला ठेव. हॉस्पिटलचा पैसा कुठे अडकतो, कोणाच्या कोणत्या चुकीने क्लेम कापला जातो, हे तुला दीड वर्षात कळलं आहे. दोन महिन्यांची इंटर्नशिप करणाऱ्या मुलांना ते लांबून दिसतं.

आणि हे काम आपल्या भागात कमी होणार नाही. सरकारची जीवनदायी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळं होतं. आज तीच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि तिचं कवच कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे. त्यावर खासगी विमा वेगळा. क्लेम नीट पाठवता येणारा माणूस प्रत्येक हॉस्पिटलला लागतो.

पण म्हणून पदवीचा उपयोग नाही, असं मी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत ऑपरेशन्स किंवा क्वालिटीच्या जागेसाठी एमएचए (हॉस्पिटल प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) किंवा एमबीए मागतात, आणि कागद नसेल तर अर्ज वाचलाही जात नाही. तुझ्या हॉस्पिटलमधल्या सरांनी तुला सांगितलेली ही अडचण खरी आहे. फक्त त्या पदवीने पहिल्याच दिवशी कोणती खुर्ची मिळते, ते बघ. एक्झिक्युटिव्ह किंवा ट्रेनी म्हणून सुरुवात होते, आणि काम बहुतेक तेच असतं जे तू आज करतेस: बिलिंग, टीपीए, फ्रंट ऑफिस, एनएबीएचची (हॉस्पिटलांच्या गुणवत्ता मानांकनाची) कागदपत्रं. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीत डॉक्टरच बसतो. आणि जळगाव, भुसावळ, धुळ्याची बहुतेक हॉस्पिटलं डॉक्टर नवरा-बायकोची. तिथे 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे डॉक्टरांचे मेहुणे किंवा वहिनी. (ही थट्टा नाही. अनेक वहिन्या उत्तम हॉस्पिटल चालवतात.) म्हणजे पदवीचा मोबदला हवा तर घर सोडून मोठ्या शहरात राहावं लागेल, आणि तिथलं भाडं त्याच पगारातून जाईल.

आता ते ६ लाखांचं पॅकेज. तुमच्याकडे रावेरला केळीचा बोर्डाचा भाव रोज जाहीर होतो आणि व्यापारी मळ्यात येऊन त्यापेक्षा कमी देतो, हे तुझ्या वडिलांना मी सांगायला नको. पॅकेज म्हणजे बोर्डाचा भाव. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची रक्कम असते, विम्याचा हप्ता असतो, कधी 'कामगिरीनुसार' म्हणून एक आकडा असतो जो मिळेलच असं नाही. शिवाय ६ लाख म्हणजे बॅचमधल्या सगळ्यांचे की एकाच मुलाचे? त्या फोनवाल्या मॅडमना विचार: मागच्या वर्षी बॅचमध्ये किती जण होते, त्यातल्या कितींना कॉलेजमार्फत नोकरी लागली, आणि अगदी मधल्या नंबरच्या मुलाला किती पगार मिळाला? आकडे लेखी माग. उत्तर टाळलं तर तेच उत्तर समज. नाशिकची तुझी ओळखीची मुलगी हातात पडणारा खरा आकडा सांगते आहे. तिच्यासारखी आणखी दोन-तीन जणं शोध, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेलीच शोध. ताजी पोरं अजून फोटोतल्या ऑफर लेटरवर खूश असतात.

माझी बँकेतली बरीच वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळे हिशोब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. १२ लाख दर सहामाहीला ३-३ लाख असे उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षणाची दोन वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही. मंजुरीपत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते: सवलतीच्या काळात सरळव्याज आकारलं जाईल आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं जाईल. घाईत सह्या होतात आणि ही ओळ वाचायची राहते. तुझ्या बाबतीत ते व्याज होतं २ लाख ७० हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज १४ लाख ७० हजारांचं असेल. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण १९,४०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर १५,८००, पण मग एकूण २८ लाखांच्या वर भरावे लागतात.

नाशिकला २४ हजार पगारावर राहण्या-जेवण्याचे १० हजार तरी जातात. उरलेल्या चौदा हजारांत यातला एकही हप्ता बसत नाही. म्हणजे बाकीचे पैसे घरून यायचे.

आणि घर केळीवर चालतं. केळीचा पैसा वर्षातून एकदा, कापणीला येतो. त्यातही एखादं वादळ किंवा करपा. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. अशा वेळी शेतकऱ्याच्या घरात आधी सोसायटीचं पीककर्ज मागे पडतं, कारण त्याचा तगादा उशिरा येतो. पण ते वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. मुदत हुकली की सवलत गेली आणि वडिलांचा सिबिलही बिघडला. मग दोन वर्षांनी भावाच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून तेच उभे राहिले की बँक नाक मुरडते. प्लॉट आधीच अडकलेला. बँकेने शेत न मागता प्लॉट का मागितला, हेही वडिलांना माहीत असू दे: कर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन विकता येत नाही, बिनशेती प्लॉट येतो.

माझं मत स्पष्ट सांगते. हे १२ लाखांचं कर्ज काढू नकोस. पदवी घे, पण या दराने नको.

तू गृहीत धरलं आहेस की पदवीचा रस्ता एकच आणि तो या विद्यापीठातून जातो. त्या फोनमुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तू मुलगी आहेस, ओबीसी आहेस आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत आणि मॅनेजमेंट कोट्याची सीटही चालत नाही. तुझ्या पुण्याच्या कॉलेजचे फोन इतके का येतात, याचं एक कारण इथे सापडेल.

म्हणजे एमबीएची सीईटी द्यायची. परीक्षा साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते, पदवीला राखीव गटासाठी ४५ टक्के लागतात. यातून पुणे-नाशिकचं कॉलेज मिळालं तर खर्च उरतो राहण्या-खाण्याचा. तो दोन वर्षांचा ३ लाख धर. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, प्लॉट जागच्या जागी राहतो. व्याज धरून सात वर्षांत फेडायचे झाले तर हप्ता ६,१०० च्या आसपास येतो. हातात २४ हजार पडत असतील तर हा पगाराचा चौथा हिस्सा झाला. मी बँकेत असताना मनाशी हीच मर्यादा ठेवत असे. चौथ्या हिश्शाच्या आत हप्ता असेल तर पोरं फेडतात. निम्म्यावर गेला की बाप फेडतो.

हाच हिशोब इतर वाचकांनाही उलटा करून वापरता येईल: हातात ४० हजार पडण्याची खरोखर खात्री असेल, तर दहा वर्षांच्या मुदतीने ६ लाखांपर्यंतचं कर्ज झेपतं. त्याच्या वरची रक्कम काढायची तर घरात पगाराबाहेरचा भक्कम आधार हवा, आणि तो कोणाचा ते आधी मोकळेपणाने बोललेलं हवं.

तुला शंका येईल की कॅपमधल्या साध्या कॉलेजच्या एमबीएत 'हॉस्पिटल' हा शब्द नसेल. नसेना का. ऑपरेशन्स किंवा एचआर घे, प्रोजेक्ट हॉस्पिटलमध्ये कर, आणि तुझा दीड वर्षाचा डेस्कचा अनुभव अर्जावर सगळ्यात वर लिही. टीपीए आणि बिलिंग हाताळलेली एमबीए मुलगी आणि हॉस्पिटल मॅनेजमेंटची पण कधीच वॉर्डात न फिरलेली मुलगी, या दोघींत मी तरी पहिलीला बोलावीन. जळगावातच, आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाखालच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर आणखी एक गोष्ट जमेल. हॉस्पिटलला विचारून संध्याकाळची किंवा रविवारची पाळी मागता येईल. पगार निम्मा झाला तरी चालेल, ओळख आणि अनुभव तुटत नाही.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा एमएचए हा वेगळा मामला. तिथे स्पर्धा मोठी आहे, पण नंबर लागला तर कर्जाचा विचार मी नव्याने करीन, कारण हॉस्पिटलं त्या नावाला ओळखतात. तेव्हा पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना बघ. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या या योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सूट आहे. पुण्याचं तुझं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे पोर्टलवर पाहायला पाच मिनिटं लागतात. कॉलेज 'आमचं बँकेशी टायअप आहे' म्हणतं ते वेगळं. टायअप म्हणजे कर्ज लवकर मिळेल, स्वस्त मिळेल असं नाही.

घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजनाही आहे, शिक्षणाच्या काळातलं पूर्ण व्याज त्यातून सुटतं. संस्था मात्र नॅक किंवा एनबीए मानांकित लागते. राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, तिची चौकशी जळगावच्या जिल्हा कार्यालयात कर. मुलग्यांसाठीही लिहिते: ओबीसी आणि ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) मुलग्यांना कॅपमधून गेल्यास निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत असते. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या आदिवासी विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वेगळी आहे. तिच्या चौकशीला नंदुरबार आणि तळोद्याची प्रकल्प कार्यालयं आहेत. हे सगळे अर्ज केल्याशिवाय खासगी फायनान्स कंपनीच्या दारात जाऊ नका. आणि नोकरी सांभाळून दूरस्थ एमबीए करायचं असेल तर त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी पाहा.

आईबद्दल तू जरा रागाने लिहिलं आहेस. त्यांचं बोलणं मला पटत नाही, पण त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. लग्नानंतर तुझा हप्ता कोण भरणार? कर्ज तुझ्या नावावर, सहकर्जदार वडील, तारण भावाचा प्लॉट, आणि पगार सासरच्या घरात. आपल्याकडे बैठकीत मानपानावर दोन तास जातात आणि यावर एक वाक्य निघत नाही. मग पहिल्याच वर्षी 'माहेरचं कर्ज' म्हणून टोमणे सुरू होतात. कर्ज ६,१०० च्या हप्त्याचं असेल तर स्थळ पाहायला आलेल्यांना तू स्वतः सांगू शकतेस की माझ्या पगारातून एवढे हप्त्याला जातात आणि जाणार. ज्यांना चालणार नाही ते तिथेच कळतील. हीच गोष्ट १९ हजारांच्या हप्त्याबद्दल सांगणं फार अवघड आहे, कारण तेव्हा तुझ्या पगारातलं काही उरतच नाही. आणि लग्नाला ठेवलेले पैसे शिक्षणाला वापरायचे का, हे आईशी भांडून ठरणार नाही. वडील, भाऊ, सगळे बसा, कागदावर हप्ता, भाडं, पीककर्ज असं मांडा. भावालाही बसव. प्लॉट त्याच्यासाठी घेतला होता आणि त्याला अजून कोणी काही विचारलेलं नाही, निदान तुझ्या पत्रात तरी तसं दिसत नाही.

पुढच्या सीईटीपर्यंत एक वर्ष वाया जाईल असं तुला वाटेल. ते वर्ष डेस्कवर नुसतं बसून घालवू नकोस. तुमच्या हॉस्पिटलमध्ये एनएबीएचची तयारी चालली असेल तर त्या कामात हात घाल. मागच्या सहा महिन्यांत किती क्लेम कापले गेले आणि कशामुळे, याची एक एक्सेल शीट कर आणि सरांना दाखव. पगारवाढ माग, १३ हजार कमी आहेत. वाढ नाही मिळाली तर नाशिक-संभाजीनगरच्या टीपीए डेस्कसाठी अर्ज टाक. पदवीशिवाय तुला बाहेर काय मिळतं हा आकडा हातात आला, की पदवीने त्यात किती भर पडेल हे तुला कोणी फोनवर सांगायची गरज राहणार नाही.

आता त्या ५० हजारांचं. भरू नकोस. भरले असशील तर प्रवेश रद्द करायचा अर्ज आजच ईमेलने पाठव आणि पोच ठेव. मुदतीत रद्द केला तर शुल्क परत द्यायचं आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे. मार्कशीट, टीसी त्यांच्याकडे दिली असेल तर त्याच ईमेलमध्ये माग.

आणि या आठवड्यात रावेरच्या तहसीलला जाऊन ये. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर लागेल. निकालाच्या दिवसांत सेतूवर अख्ख्या तालुक्याची रांग असते, तेव्हा जाऊ नकोस. जात वैधता प्रमाणपत्र बारावीला काढलं नसेल तर जळगावच्या पडताळणी समितीकडे अर्ज आधी टाक, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांचा जुना महसुली पुरावा शोधायला घे.